शेपटीवरचे नऊ काटे

हॅलो?… हॅलो… हो, हुकुमचंद सेठजींचीच गिरणी आहे, गोंदियाची… मी जमुना बोलून राहिली. कोण?… कुंता?… अगं मोठ्यानं बोल, इथे धान भरडणं चालू आहे, काही ऐकू येऊन नाही राहिलं.

हो, हो… ऐक ना. आधी ऐक. केवल बरा आहे. तुहा नवरा धडधाकट आहे… हो, माह्याच घरी होता, बहिणीच्या घरी, शनिवारपासून… आता नाही. आता गाडीत आहे. मीच पॅसिंजरमध्ये बसवून दिलं त्याले, अडीच तास झाले असतील.

रडू नको बाई… मले माहीत आहे, चार दिवस झाले… तार केली होती ना. शनिवारीच माह्या घरधन्यांनी स्वतः जाऊन केली… नाही मिळाली?… मंग लढाईच्या तारांखाली दबली असेल कुठे. आणि हा फोन? सकाळी लावला होता आणि आता लागला?… अरे देवा.

गोंदियाले काऊन उतरला, तेच तर सांगून राहिली. तू मधात बोलू नको, नाही तर वेळ संपेल.

तुले त्यानं पूस महिन्यातच नागपूरले भावाकडे पाठवलं, ते बरं केलं. आता तर अर्धं कलकत्ता हावड्याच्या फलाटावर आहे म्हणे. बॉम्ब पडतील या भीतीनं लोक खिडकीतून पोरं आत टाकून राहिले होते. केवलजवळ दोन नग होते. एक पेटी, आणि एक काचेची बरणी, लोणच्याची असते एवढी. डब्याच्या दारात एक पाय ठेवाले जागा. दोन्हीतलं एकच काही वर घेता येत होतं…

…बरणी.

हो. बरणी घेतली त्यानं. पेटी फलाटावर राहिली, कुंता… हो, तुहीच पेटी… भांडी पण. तुह्या आईनं दिलेली पण.

हॅलो?… आहेस ना?

बोल. जे बोलाचं ते मले बोल. मी पण काही कमी नाही बोलली त्याले. दारात उभा होता, घामानं भिजलेला, अंगाले दारूचा वास, आणि ते गाठोडं पोटाशी धरलेलं. मी म्हटलं, एका किड्यापायी बायकोचा संसार फलाटावर सोडून आला काय रे? त्यानं मान खाली घातली. मंग हळूच म्हणे, "बाई, पेटीतलं पुन्हा मिळेल. हा जगात एकच आहे."

नाही गं, प्याला नव्हता. दारू बरणीतली. सांगते.

कसला किडा म्हणजे… आपण दगड उचलला की खाली तो राखाडी किडा नाही का पळत, पाठीवर पट्ट्या पट्ट्या, चौदा पायांचा? त्याचाच भाऊबंद. पण आपला तो नखाएवढा, आणि हा वीतभर… खरंच वीतभर, मी हातात घेतला आहे. समुद्रातला. पाऊण मैल खाली राहतो म्हणे, जिथे उजेड जातच नाही. समुद्राच्या तळाशी तारा टाकलेल्या असतात ना, त्या दुरुस्त करणारं जहाज होतं. त्यांनी तुटलेली तार वर ओढली, तिच्या गुंताड्यात हा अडकून आला. कप्तानानं संग्रहालयात आणून दिला.

हो, केवलचं काम तिथे बरण्या पुसणं आणि चिठ्ठ्या लावणं, ते मले पण माहीत आहे. पण साहेब तर लढाईवर गेले. बाकीचं सामान खोक्यांत भरून बाहेरगावी पाठवून राहिले होते. हा जीव उशिरा आला, वहीत चढला नव्हता, म्हणून त्याले खोक्यात जागा नाही. केवलनं बड्या बाबूंच्या मागे लागून लिहून घेतलं, की मी याले नागपूरच्या कॉलेजात नेऊन ठेवतो. असा तो निघाला.

हाँ सेठजी, बस दो मिनट… नागपूर से है, भाई की घरवाली… हो कुंता, बोल… नाही, सेठजी भला माणूस आहे, बोल तू.

मंग गोंदियाच्या अलीकडे, दरेकसाच्या बोगद्यात गाडीले हिसका बसला, वरून कोणाची तरी ट्रंक पडली आणि बरणी तडकली. त्यात स्पिरिट असते ना, जीव सडू नये म्हणून. ते सारं वाहून चाललं. आणि वाचला कशानं म्हणशील तर तुह्या लुगड्यानं… जांभळं, रेशीमकाठी, तेच. घरूनच त्यानं बरणीले गुंडाळलं होतं. लुगडं सारं स्पिरिट पिऊन बसलं, आणि त्या ओल्यात हा जीव गुंडाळलेला राहिला. नागपूरपर्यंत निभणार नाही असं त्याले दिसलं. बहिणीचं घर गोंदियाले. उतरला.

…आहे, लुगडं आहे. धुतलं मी तीनदा. वास काही जात नाही.

ऐक ना. सरकारी दवाखान्यात धावला तो. डॉक्टरांजवळ स्पिरिटची अर्धी बाटली होती, त्यांनी ती उचलून दिली, दुसरी नाहीच, माल येऊन नाही राहिला. अर्ध्या बाटलीत त्याचे पाय पण बुडेनात. आणि चैत महिना, तुले माहीत आहे इथलं ऊन. फडकं भिजवून गुंडाळावं तर घडीभरात कोरडं. जीव सुकाले लागला, सांधे कडक झाले, आणि एक लांब मिशी होती ती केवलच्या हातात तुटून आली. तो ती मिशी तळहातावर घेऊन बसला, कुंता. आमचे बाबा गेले तेव्हा पण तो असा बसला नव्हता.

मले मंग राहावलं नाही. बाजारात रामकली बसते ना… नाही, तू नाही ओळखत, सालेकसाकडची म्हातारी, मोहफुलं विकते. मी तिले घरी घेऊन आली. तिनं तो जीव पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि मले विचारते, याले मायबाप आहे काय. मी म्हटलं, असतील खाली कुठे, पण कोणी पाहिले नाही. तिनं पदर खोचला. एवढंच.

हो, मोहाचीच दारू काढली, सडवलेली फुलं तिच्या घरी होतीच… मले माहीत आहे पकडतात. पण साधी मोहाची चालत नाही म्हणे केवल, त्यात पाणीच जास्त. ती पुन्हा भट्टीवर चढवाची, आणि निघेल ती पुन्हा. रविवारचा सारा दिवस ती बाई माह्या परसात चुलीपुढे बसली, वरच्या मडक्यावर थंड पाणी ओतत, डोळे लाल झालेले. पहिल्या खेपेची दगडावर टाकून काडी लावली, पेटली नाही. दुसरी पेटली आणि विझली. तिसरी… तिसरीची निळी ज्योत आली, आणि दगड कोरडा होईपर्यंत जळली. केवल पाहतच राहिला. मले म्हणे, कलकत्त्याच्या सीलबंद बाटलीत यापेक्षा चांगलं मी पाहिलं नाही. त्यानं तिचे पाय धरले. ती मागे सरकली, म्हणे, ब्राम्हण-बाबू लोकं माहे पाय नाही धरत. हा म्हणे, मी बाबू नाही, मी शेतकऱ्याचा पोरगा, मी धरतो.

…हो जी, हो, बोलणं चालू आहे, कापू नका. अजून तीन मिनिटं द्या… हॅलो, कुंता?… लाइनवाले होते.

हो, रविवारी झालं हे. मंग सोमवारी काऊन नाही निघाला?… तेच मी पण विचारलं. दुसरी बरणी भरली, जीव बुडाला, आता जा बाप्पा, बायको वाट पाहत असेल. तर म्हणे नाही. एक मिशी तुटली, वाटेत आणखी काय तुटेल सांगता येत नाही. हा कसा आहे ते पुरं लिहून काढल्याशिवाय मी याले गाडीत चढवणार नाही. जीव नाही राहिला तर लिहिलेलं तरी राहील.

ओसरीवर बसला मंग. हातात तो पितळी भिंगाचा डोळा, आणि कागद. डोक्यापासून सुरू केलं. एक एक पाय, पायाचा एक एक सांधा, सांध्यावरचे केस. मोजाचं, लिहाचं, चित्र काढाचं. पुसाचं, पुन्हा मोजाचं. जेवाले बोलावलं तर हूं म्हणे आणि जागचा हाले नाही. मी पण मंग जवळ जाऊन बसली. त्यानं मले त्याचे डोळे दाखवले भिंगातून. तिकोनी डोळे, कुंता, आणि एकेकात हजारो बारीक घरं, मधाच्या पोळ्यासारखी. मी विचारलं, जिथे उजेडच नाही तिथे एवढे डोळे कायले रे? म्हणे, बाई, हेच कोणाले माहीत नाही. आणि असा हसला, जसं काही त्याले कोणी गावच इनाम दिलं.

…हो. मी पण त्याले कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता जरा ध्यान देऊन ऐक. याच्या आधी असा एक जीव सापडला आहे, दुसऱ्या समुद्रात, पुस्तकात त्याचं चित्र आहे. त्याच्या शेपटीच्या कडेले काटे आहेत, अकरा. आपल्याचे वेगळे निघाले तरच हा नवा. नाही तर तोच जुना. केवलनं मोजले, पण मले आकडा नाही सांगितला. म्हणे, तू मोज, तुले पुस्तक माहीत नाही, तुहे डोळे खोटं नाही बोलणार. मी हात धुतले आणि मोजले… नऊ… त्याचे पण नऊ. चार इकडे, चार तिकडे, एक मधात.

थांब, संपलं नाही. तो मधातला आखूड होता, टोकाशी दोन फाके. केवलनं लिहून ठेवलं होतं की तुटलेला. मी म्हटलं, तुटलेला नाही रे. आयुष्यभर तांदूळ निवडले मी, तुकडा कोणता आणि सबंध दाणा कोणता हे मले कळते. तुटलं तर कड खडबडीत लागते. याची कड गुळगुळीत आहे, दोन्ही फाक्यांची. हा असाच जन्मला.

मले वाटलं रागावला. लहान्या भावानं एवढं शिकाचं आणि बाईनं मधात तोंड घालाचं. त्यानं भिंग घेतलं, उन्हाकडे तोंड करून किती तरी वेळ पाहिलं. मंग दौतीत टाक बुडवला आणि आपलीच ओळ खोडली. माह्यासमोर. कोणता माणूस आपलं लिहिलेलं बाईच्या सांगण्यावरून खोडते, कुंता? मी नाही पाहिला. आणि नवी ओळ लिहिली, आणि बोट ठेवून मले दाखवली. मले कुठे वाचता येते. म्हणे, इथे लिहिलं आहे की मधला काटा जन्माचाच दुभंगलेला आहे, हे पहिल्यांदा जमुनाबाईच्या ध्यानात आलं. खाली रामकलीचं पण नाव आहे. मोहाचं नाही लिहिलं, "स्पिरिट" लिहिलं.

…नाव?… ठेवलं ना, परदेशी शब्द आहे, मले बोलता नाही येत. दोन फाक्यांचा असा काही अर्थ.

ते नाही सांगता येत. छापाले वर्ष लागेल, दोन लागतील, लढाई कधी सरते कोण जाणे. आणि साहेब लोक बरण्या पुसणाऱ्याचं ऐकतील की नाही, ते तोच म्हणे माहीत नाही. त्यानं तरी लिहिलं. मी खरं सांगू तुले? आम्ही सारे हसलो त्याले. बाबा म्हणत, धानाची जमीन सोडून किडे पाहाले गेला. मी पण म्हटलं आहे, चारचौघांत म्हटलं आहे. आता नाही म्हणणार.

…पेटीचं?… त्यानं मले म्हटलं, कुंताले तूच सांग, माह्याच्यानं तोंड उघडवणार नाही. मी म्हटलं, सांगते मी, पण माफी तूच मागशील. तर तू रागव त्याले, तुहा हक्क आहे. फक्त जेवू घाल आधी. दोन दिवस त्याच्या पोटात काही नाही.

…काय विचारलं?… मिशी? तुटलेली मिशी?… आहे, ती पण बरणीतच ठेवली, फडक्यात बांधून… हो, बाकी सारे पाय शाबूत आहेत, चौदाचे चौदा… बरणी माहीच दिली, चिनी मातीची, तोंडाले मेण लावलं. आता मांडीवर घेऊन बसला आहे. खिडकीजवळ जागा मिळाली त्याले.

गाडी?… साडेचारपर्यंत पोचते म्हणे. सेठजी, टाइम क्या हुआ?… साडेतीन वाजले… अगं पण त्यानं सांगून ठेवलं आहे, कोणी स्टेशनवर येऊ नका, मी टांगा करीन. उन्हाचं कायले… हो, बरणी जड तर आहेच. टांग्यात हिसके बसतात ते पण खरं, एक जण धराले पाहिजे… कुंता, भावाले संगं घे… हॅलो?

हॅलो?… कुंता?

…नहीं सेठजी, लाइन नहीं कटी. उसीने रख दिया. स्टेशन निकल गई.