आईचा पाचचा फोन

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी आईले शब्द देऊन बसलो, का बुलढाण्याच्या खोलीवर रोज पहाटे पाचले उठून अभ्यास करीन. ती आमच्या गावाहून, उंद्रीहून, बरोबर पाचले फोन करे. मी पांघरुणातूनच म्हणे, "हाव, वाचून राह्यलो," अन् परत झोपे.

एक दिवस ती म्हणाली, "मले वाचून दाखव."

मी डोळे मिटूनच सुरू केलं, "झाड मुळानं पाणी पिते... मंग अजून पिते..."

"हे तं मले शाळेत न जाता बी माहीत हाये. ऊठ, पुस्तक घे!"

तेव्हापासून रोज तासभर तिले मोठ्यानं वाचून दाखवलं. निकाल लागला, मी पास. आनंदानं फोन केला, तं आई म्हणे, "एवढेच मार्क? काऊन रे, आपण तं चांगला अभ्यास केला होता!"