पावती नसलेली बिजागरी

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या गृहस्थांना राहवेना.

“बाळ निजलंय का हो?”

“बाळ कुठलं! गाडीच्या दाराची बिजागरी आहे, तीस वर्षांची. आमचे हे म्हणाले, गंजून माती झालीय, टाक भंगारात.”

“मग?”

“मग काय, मी ऐकते होय! बादलीभर व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवली. हे नाक धरून आंघोळीला जायचे.”

“निघाला गंज?”

“तारेच्या ब्रशने घासल्यावर निघाला की. पण मी शहाणी! धुतली आणि भांड्यांच्या जाळीत निथळत ठेवली. तासाभरात पुन्हा तांबूस. ह्यांना हसू आवरेना.”

“अरेरे.”

“अरेरे कसलं? पुन्हा बुडवली. या खेपेला धुतल्याबरोबर पुसली, तव्यावर तापवली आणि कोमट असतानाच तेल चोळलं. बघा.”

“ही तीस वर्षांची? काहीतरीच!”

“आता फक्त हिचे बोल्ट घ्यायचेत.”

गृहस्थांचं काम उरकलं आणि बाईंचा नंबर आला. काउंटरवरच्या माणसाने बिजागरी उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

“नवीकोरी आहे, कबूल. पण पावतीशिवाय माल परत घेत नाही आम्ही.”

“काय म्हणालात?”

“पावती लागेल, बाई.”

“थांबा हं, ह्यांना फोन लावते. आत्ता जे बोललात ना, तेच जरा मोठ्याने बोला.”