गोधडीतली बियर

तुम्ही आयती बाटली उघडता, तुम्हाला काय सांगू घरी बियर करणं किती नाजूक काम असतं. मी जवाला मोड आणले, वाळवले, हलके भाजले आन् भरडले. मंग ते गरम पाण्यात तासभर एकाच उबेला ठेवायचं, तरच पाण्यात गोडी उतरते. पण पातेलं सारखं निवून राह्यलं.

मायनं विचारलं, "काय करून राह्यला रे?"

"ताकदीची पेज."

तिनं पातेल्याला गोधडी गुंडाळली. तासाभरानं चाखलं, तर बिलकुल उसाच्या रसासारखं.

गाळून ठेवलं. आता खमीर, म्हंजे यीस्ट, तेवढं टाकायचं राह्यलं होतं. मायला म्हणलं, "खमिराचं पार्सल घेऊन येतो भोकरदनहून. झाकण उघडू नको."

परत आलो तर पातेलं रिकामं. ओसरीवर भजनाच्या बाया दुसरा पेला मागून राहिल्या होत्या.

"माय, सगळं वाटलंस?"

तिनं मला आत घेतलं आन् हळूच म्हणली, "तुझा पेला झाकून ठेवलाय. पेजंत खमीर पडलं की तिचं काय होतं, कळतं मला. मंग ती भजनाला वाटता आली असती का?"