यमुमावशीचा जमानतदार

हॅलो?… हाव, करिष्माच बोलून राहिली. बोल वं यमुमावशी… मिळालं, मिळालं! सकाळीच सर्टिफिकेट हातात पडलं. सहा महिन्यांचा कोर्स, कारागृह प्रशासन अन् फौजदारी न्याय… हाव, जेलचाच… आईनं काय सांगतलं तुले? कम्प्युटरचा? धन्य आहे बाप्पा तुम्ही दोघी बहिणी!

लाज कायची वं? वर्गात पहिली आली मी. आम्हाले जेल दाखवायले घेऊन गेलते… नाही ना, धर्मेंद्रदादा नाही दिसला. बराकीकडे नेलंच नाही. पण कोणाचा कागद कुठं अडकते, ते बरोबर पाहून आली.

दादाचंच विचारते. साध्या मारामारीच्या केसमध्ये इतके दिवस आत? वकील काय म्हणते?… थांब, थांब. परत सांग. जमानत मंजूर झाली?… कधी?… वीस दिवस! अन् दादा अजून आतच?

हं… जमानतदार पाहिजे. मग द्यायचा ना एक! गावातला कोणीही सातबारा घेऊन कोर्टात उभा झाला की… काहून नाही?

मावशी… रडू नको. हाव, ठाऊक आहे मले. दादा सुरतले नोकरीवर आहे, असं साऱ्या भिवापुरात सांगतलं तू. मीपण तेच सांगतलं. अन् जमानतदार मागायले गेली की सारं फुटन… म्हणून लेकराले वीस दिवस आत ठेवलं तू?… चुकलं. चुकलं माह्यं. असं नव्हतं बोलायचं मले. ऐक ना…

मी नाही चालत वं. भाड्याच्या खोलीत राहते, माह्या नावावर काय आहे?… दुसरा रस्ता आहे ना. अट सैल करा म्हणून अर्ज करता येते, सरकारी मदतीचा वकील फुकट भेटते. मी उद्याच मागं लागते, शिकली कायले मग? पण तारीख कधीची भेटन, देव जाणे. जमानतदार उभा झाला, कागद तपासले, की दादा दोन-चार दिवसांत घरी. काय करायचं ते तू सांग.

…कोणाले म्हणजे? शेजारच्या शालिकरामकाकाले विचार. तुह्या मिरच्या वाळवायले दरसाल आंगण देते तो माणूस… नाही म्हणाले तर नाही म्हणाले. दुसऱ्याले विचारू. मी येऊ का? मी टाकते शब्द… काय?… आत्ता? आंगणातच आहेत?

मावशी?… हॅलो?… अगं, फोन हातातच आहे तुह्या, ऐकू येऊन राहिलं मले… जरा हळू! सारी गल्ली… नाही. नाही वं, ओरड. बिनधास्त ओरड. ‘जेलात’ म्हणाली तू! म्हणाली!

…काय म्हणाले काका?… मावशी, काय म्हणाले?… हॅलो?

…कोण? काका? नमस्कार काका. हाव, मी यमुमावशीची भाची… हो, हो… सातबारा अन् आधार, दोन्हीच्या झेरॉक्स. ओरिजिनल सोबत ठेवा. फोटो असू द्या दोन… पहिल्या बसनं? मी कोर्टाच्या गेटवरच उभी राहते… नाही काका, उपकार तुमचेच.

मावशीले द्या ना जरा… काय झालं?… खालीच बसली? मिरच्यांवर?… असू द्या, असू द्या. बसू द्या तिले. पाणी द्या काका, मी ठेवते.