देवघरामागची गोल्फची खोली

शिवानंदच्या आईचं मला लई कौतुक वाटतं बघा. लातुरात घर बांधताना याला गोल्फची खोली पाहिजे होती. म्हणजे पडद्यावर मैदान दिसतं अन् आपण खराखुरा चेंडू त्याच्यावर हाणायचा. काठी फिरवता येईल एवढं उंच छत नकाशात एकाच खोलीला निघालं, अन् तिच्या पडद्याच्या भिंतीमागं नेमकं देवघर. शिवानंदनं नकाशा गुंडाळला.

"जाऊ दे आई. रोज देवाच्या पाठीत दणके बसणार, ते बरं न्हाई."

काकू लिंगायत. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला अन् म्हणाल्या, "माझा देव हितं हाय. मी जाईन तिकडं येतो. तुझी खोली हलत न्हाई, तवा देवघर हलव."