नाल्यावरचं दहावं

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो. थोरल्या भावाचं, नानांचं, दहावं आम्ही गावच्या नाल्यावर केलं. रंगाचा कारखाना चालू होता तोवर त्या लाल-निळ्या पाण्याकडे कावळाही फिरकत नसे. दहाव्याला लोक गिरणा नदीवर जात. कारखाना बंद पडला आणि पाणी हळूहळू आपलं आपण निवळलं.

पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. मी हात जोडून म्हणालो, "नाना, पोरीचं लग्न मी लावून देतो." काही नाही. "वहिनींना अंतर देणार नाही." तरी नाही. मागून कोणीतरी कुजबुजलं, "जीव अडकलाय कशात तरी."

गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात नानांसोबत कारखान्यात राबलेले आबा उथळ पाण्याकडे बोट दाखवत म्हणाले, "भाऊ, कावळा तठे मासा खाई ऱ्हायनात. पोट भरेल शे त्यासनं."

वहिनींनी तिकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

"गुरुजी, ऱ्हाऊ द्या तो दर्भ. या नालामा मासा देखाना व्हतात, हाईच त्यासनी इच्छा व्हती."