राखाडी कोटातली बाई

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या चेहऱ्यानं एकेकाळी आमच्या घरी बिनभाड्यानं मुक्काम केला त्या नायिकाबाई, आणि समोर बसलेल्या सुजनहो,

आज माझे यजमान संकलनाच्या टेबलावरून निवृत्त होत आहेत. त्यांच्या कसबाबद्दल जाणकार बोललेच. मी बोलणार ते त्यांच्या एकाच चित्रपटाबद्दल. एक माणूस परक्या बाईच्या मागे लागतो आणि तिच्या पायी घरदार विसरतो, ती गोष्ट. तुम्ही ती पडद्यावर पाहिलीत. मी घरात पाहिली.

हे दिवसभर काळोख्या खोलीत फिल्मवरचा या नायिकाबाईंचा चेहरा मागेपुढे करत बसायचे. जेवताना म्हणायचे, "पापणी लवायच्या आधी कापायला हवं." मी विचारायचे, "आमटी वाढू का?" ऐकतंय कोण?

शेवटी मी शिंप्याकडून चित्रपटातल्या बाईंसारखाच राखाडी कोट शिवून घेतला, तसाच अंबाडा घातला आणि त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. यांनी वर पाहिलं. लग्न झाल्यापासून माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "मान जरा डावीकडे कर." मी केली. "हं. आता कळलं, तो शॉट कुठे लांबतो ते." आणि पाठ फिरवून कामाला लागले.

मी तशीच बहिणीकडे निघून गेले. चित्रपट पुरा झाल्यावर हे न्यायला आले. दारात चुळबुळत म्हणाले, "घरात कुणी बोलत नाही."

बहीण म्हणाली, "भावोजी, ती बोलतच होती."

मी परत आले. मत्सर गेला का म्हणाल, तर नाही. आज बाई येणार म्हणून सकाळपासून मी आरशापुढून हलले नाही.

आणि मघाशी काय झालं? दारात बाई समोर आल्या. हे कधी चित्रीकरणाला गेलेच नव्हते, त्यामुळे ही पहिलीच भेट. यांनी हात जोडून विचारलं, "आपली ओळख?"

मला आनंद व्हायला हवा होता. पण बाईंचा चेहरा पार उतरला. माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, मला वाटायचं, पडद्यावरच्या तिचा हेवा मला एकटीलाच वाटतो."

आता तो चित्रपट दाखवतील. हे पहिल्या रांगेत बसून तिला पाहतील. आम्ही दोघी तेव्हा बाहेर चहा घेत असू. यांना यावंसं वाटलं तर यावं. खुर्ची एक जास्त मांडायला सांगितली आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी इतकं जळकं बोलू नये, हे मला कळतं. तेवढं पोटात घाला. नमस्कार.